रिव्काआजीचं पान

आधीच सांगते, अंगात येण्याला मी आयुष्यभर हिस्टेरिया म्हणत आले. मी नर्स आहे. वारं आलेल्या बायकांना तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणलंय, वर दोन शब्द सुनावलेतही. हे दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी हसून पुढे गेले असते... पण हे माझ्याच अंगणात घडलं, भरदुपारी, आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

मी डहाणू तालुक्यातल्या सायवनची. सध्या डहाणूतच, मसोलीत खोली घेऊन राहते, एका नर्सिंग होममध्ये काम करते. त्याआधी इस्रायलमध्ये केअरगिव्हर होते. गाझाच्या सीमेवरच्या कुंपणाजवळ एका गावात रिव्काआजी एकटी राहायची, तिचं सगळं माझ्याकडे. तिचा डावा गुडघा वाकत नसे. पाय लांब करून बसायची आणि पाठीला उशी हवी असली की मांडीवर दोनदा थाप मारायची. तोंडाने मागेल तर शपथ! म्हातारी खडूस होती. पण माझ्या आईला स्वतःचा वाढदिवस माहीत नाही म्हटल्यावर तिने आपलाच अर्धा देऊन टाकला. त्या दिवशी केक कापून आईला व्हिडिओ कॉल लावायची.

ज्या सकाळी हत्यारबंद माणसं कुंपण तोडून गावात घुसली, त्या सकाळी माझी सुट्टी होती, मी शहरात होते. आजीला तिच्या पलंगावरच मारलं. शेजारच्या घरातले नवरा-बायको, त्यांची मुलं... कोणालाच सोडलं नाही.

मी सायवनला परत आले ती राग घेऊन आले. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले. फोनवर इमारती कोसळताना बघून मी म्हणायचे, "बरं झालं, अजून पडू देत." आई म्हणायची, "त्यात पोरां हायत गं बाय." मी फोनचा आवाज वाढवायचे. खोटं कशाला बोलू, जिवाला थंड वाटायचं.

पुढच्या वर्षी भात तयार झाला. आमच्यात पितरांना पान मांडल्याशिवाय नवं धान्य खात नाहीत. पळसाच्या पानावर नवा भात, नागलीची भाकर, आणि ज्याचं पान त्याच्या नावाने हाक. नाव घेतलं त्यानेच यायचं, असा रिवाज. हे सगळं आईचा चुलतभाऊ लाडकामामा करतो, तो गावचा भगत. मी हट्टाने रिव्काआजीचंही पान मांडायला लावलं. पण मला तिला नुसतं जेवू घालायचं नव्हतं. मला तिला तिच्या मारेकऱ्यांच्या मागे लावायचं होतं. विश्वास? तो नव्हताच. पण अडला हरी... पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मामा कौल बघायचे सुपातले तांदूळ चाळवत म्हणाला, "मागं लावाचा तं ती हां बोलाय पायजे. तिचां एकटीचां नाव घे. दुसरां काय बोलू नको."

मी नाव घेतलं, आणि वर्षभराचा राग एकदम वर आला. "तिथे घरात बसल्या जागी, काही केलं नसताना, ज्यांना ज्यांना मारलं," मी ओरडले, "त्या सगळ्यांनी या! आणि मारणाऱ्यांच्या नरडीला लागा!"

"गं बाय, तोंड आवर!" मामा सूप टाकून उठला.

तोवर आई धपकन खाली बसली होती. डावा पाय लांब केलेला. तिने मांडीवर दोनदा थाप मारली. मी काही विचार न करता आतून उशी आणली आणि तिच्या पाठीला लावली. हात सवयीनेच चालले. मग मला रडू फुटलं.

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे अंगणाच्या कुंपणाकडे बघत होती. ती जरा सरकली, बाजूला जागा केली. पानावरची भाकर घेऊन तिचे तुकडे करायला लागली, लहान मुलाच्या घासाएवढे. एक तुकडा शेजारी ठेवला, एक त्याच्या पुढे, असे ठेवत ठेवत ओणव्याने कुंपणापर्यंत गेली. भाकर संपली तेव्हा पानापाशी परत येऊन भाताचे घास ठेवायला लागली.

"कोण आहेत?" मी विचारलं.

"येतातच, येतातच," मामा सांडलेल्या तांदळांकडे बघत होता. "पोरांचाच भरणा हाय. घरां पडली सांगतात अंगावर. तोंडांत धूळ हाय."

रिव्काआजीच्या गावातली मुलं अशी मेली नव्हती. ही कुठली, ते मला कळलं. वर्षभर फोनवर मीच तर बघत होते.

"ही तिकडची आहेत! हाकल त्यांना! यांना कोणी बोलावलं?"

"तूंच," मामा म्हणाला.

मी आजीचं पान ओढायला वाकले. आईने माझं मनगट धरलं. औषध नको असलं की आजी धरायची तसंच, अंगठा रुतवून.

"इचारतात," मामा म्हणाला, "नरडीला लागाचां तं कोणाच्या? मारणाऱ्यांची नावां घे."

माझ्या जिभेवर ती तयारच होती. कुंपण तोडणारे, त्यांना पाठवणारे, सगळ्यांचा उद्धार केला. पकड सुटेना. अंगणात ते घास तसेच पडलेले. शेवटी बॉम्ब टाकणाऱ्यांचीही नावं घेतली, हुकूम देणाऱ्यांची घेतली, तितक्याच जोरात. तेव्हा मनगट सुटलं.

आईने पाणी मागितलं. तिला काहीच आठवत नव्हतं. तिचे ओठ मी ओल्या कापसाने पुसले, तर कापूस राखाडी झाला. चुरलेलं सिमेंट होतं. आमचं घर कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं, शेजारीपाजारी कुठे बांधकाम नाही. थाप आईने व्हिडिओ कॉलवर पाहिली असेल, मान्य. मनगट धरणं योगायोग, तेही मान्य. पण त्या कापसाचं काय?

माझा राग गेला असं कोणी समजू नये. मारणाऱ्यांना माफी नाही, माझ्याकडून तर नाहीच. यंदा नवं खायच्या दिवशी आईने विचारलं, "कवढी पानां मांडू?" मी म्हटलं, "असतील तेवढी मांड." मग अंगणात उभी राहून मी मारणाऱ्यांची नावं घ्यायला लागले, दोन्हीकडच्यांची. भात निवून गेला, तरी नावं संपली नव्हती.