फोनवर विचारलेली जखम

मी बहरीनमधल्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. म्हणजे दिवसभर डॉक्टरांना हात धुवायला सांगायचं आणि त्यांची वाकडी तोंडं बघायची. आमच्याकडचा एक सर्जन नोकरी सोडून आफ्रिकेतल्या आपल्या गावच्या हॉस्पिटलात परत गेला. ऑपरेशननंतर किती जणांच्या जखमा पिकतात, याचा अभ्यास त्याने तिथे सुरू केला. पेशंट लांबच्या खेड्यांतले, जखम दाखवायला परत येणं त्यांना जमत नाही. म्हणून घरी गेलेल्यांची फोनवर चौकशी करायची ठरली. प्रश्न तयार करायला आणि ते विचारायला नर्सेसना शिकवायला त्याने मला गाठलं. मी हुरळून गेले. बहरीनच्या झिंज भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी अख्ख्या खंडाला शहाणं करणार होते.

सरावाला पेशंट घरातच होता. नवऱ्याचं बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सराव खरा वाटावा म्हणून जखम न बघता मी बेडरूममधून हॉलमधल्या त्याला फोन लावायचे. जखम लाल आहे का? पाणी येतं का? ताप? "नाही, नाही, सगळं ठीक," तो म्हणायचा. आम्ही वसईचे. आखातात आलेला आमच्याकडचा माणूस फोनवर दुसरं काही बोलतच नाही. हात प्लास्टरमध्ये असला तरी आईला सांगतो, "मजेत आहे, तू जेवलीस का?" माझे वडीलही जन्मभर असंच बोलले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

ऑनलाइन वर्गात मी नवऱ्याला शेजारी बसवून जाहीर केलं, की या पेशंटची जखम उत्तम भरली आहे. तिकडच्या नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही नवरदेवासारखी मान लववली.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकत असताना हा बसूनच राहिला. आळस, दुसरं काय, म्हणून मी कोपराने ढोसलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं. घरी येऊन शर्ट वर केला. पट्टीखाली पू. इन्फेक्शनची मी तज्ज्ञ, आणि इन्फेक्शन रोज माझ्याच टेबलावर बसून जेवत होतं.

इमर्जन्सीत डॉक्टरांनी दोन टाके उघडून पू काढला. आणखी उशीर झाला असता तर आत बसवलेली जाळीच काढावी लागली असती, म्हणाले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? एवढ्या लोकांना तू सांगून बसलीस, जखम भरली म्हणून. टाळ्यापण झाल्या. तुझं नाक कापलं गेलं असतं."

त्याला बदडावं असंही वाटलं आणि जवळ घ्यावं असंही. गाडी चालवायची होती म्हणून दोन्ही राहिलं.

पुढच्या वर्गात मी सगळं सांगून टाकलं. तिकडे इतका हशा पिकला की मला आवाज कमी करावा लागला. आता आम्ही पेशंटशी बोलतोच, पण घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जखम बघून सांगायलाही लावतो.

त्या संध्याकाळी पट्टी बदलताना मी एकही प्रश्न विचारला नाही.

"दुखतंय," तो आपणहून म्हणाला. ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं, की हातातली पट्टी बाजूला ठेवून मी रडत बसले.