मंगल कार्यालयावरचा रिपीटर

चार हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकत्र बसले की रेंजचे किस्से साठत जातात. ज्याची रेंज उत्तम, त्याच्याकडं सांगायला काहीच नसतं. आमच्याकडं भरपूर आहे.

बेंगळुरूत शिकताना माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. परभणीत उंचावर रिपीटर बसवायचा. हातातल्या सेटचा अशक्त आवाज त्यानं ऐकायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत सोडायचा. पुरात लाइट गेली, मोबाइल टॉवर बंद पडले, तरी गावं बोलत राहतील. ताडकळसच्या शाळेतल्या सुनंदाबाईंनी एवढ्यासाठीच परीक्षा देऊन लायसन्स काढलं. मागच्या पुरात एका बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची होती आणि त्यांचा फोनच लागला नव्हता.

सगळ्या परवानग्या मिळाल्या, ओळखीच्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर रिपीटर सुरू झाला. रेंज निघाली शहराबाहेरच्या पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत.

* * *

पहिला संशय केबलवर. यंत्र तळमजल्यावर, ऐकायचा आणि बोलायचा असे दोन अँटेना गच्चीवर, आणि मधली केबल नसीमभाईंनी दिलेली. मानवतला त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे.

मी म्हटलं, "भाई, ही डिशची केबल आहे. अर्धी ताकद वाटेतच खाते."

"मॅडम, इसमे से दो सौ चॅनल आते," नसीमभाई म्हणाले. "तुमको तो एकीच होना."

यंत्र उचलून गच्चीवरच, जिन्याच्या टोपीत नेलं, चांगली केबल आणली. रेंज पेट्रोल पंप ओलांडून गेली.

* * *

तरी पूर्णेहून गंगाधरकाका लागेनात. काका रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्यात सगळ्यात उत्साही. मी पूर्णेला गेले तर काका पत्र्याच्या खोलीत, दार लावून, सेट तोंडाशी धरून बसलेले.

"काका, बाहेर येऊन बोला ना."

"बाहेर ऊन हाय."

शेवटी पत्र्याच्या वर मोठा अँटेना चढवला. काका आत बसूनच लागायला लागले.

* * *

मग लक्षात आलं की काही दिवशी रेंज बसते आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुधारते. गच्चीवर जाऊन बघितलं, तर मंडपवाल्यानं आमच्या पाइपाला रंगीत दिव्यांची माळ गुंडाळली होती.

"ताई, पाइप अगदीच उघडा दिसायला होता," तो म्हणाला. "लग्नाच्या घरी बरं दिसत न्हाई."

स्वस्तातल्या दिव्यांनी रेडिओत लय खरखर होते. त्यानंतर काका कॅलेंडर बघून रेंज सांगू लागले: "आज तिथी दाट हाय, बोलू नका." संध्याकाळी रिपीटरवर नुसतं खर्र झालं, की म्हणायचे, "लागली माळ."

* * *

आमच्यात आवाज कसा येतो हे दोन आकड्यांत सांगतात. पहिला स्पष्टतेचा, दुसरा ताकदीचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. काका मला रोज पाच-नऊ द्यायचे. एकदा माझं अर्धं वाक्य त्यांना ऐकूच गेलं नव्हतं, तरी पाच-नऊ.

मी चिडले. काका शांतपणे म्हणाले, "पोरगी एवढं शिकून परत आली. तिला तीन-दोन कसं द्यावं?"

ताडकळसहून बाईंचाही मेसेज आला होता: आवाज एकदम छान येतो. मी ताडकळस झालं असं धरलं, आणि रेंज अजून लांब जावी म्हणून रिपीटरची पावर वाढवली. नंतर अजून एकदा वाढवली.

* * *

एका रविवारी सुनंदाबाईंनी फोन केला. "सेट घेऊन जा, ताई. दुसऱ्या कुणाच्या कामी येईल."

मी दुपारीच ताडकळस गाठलं. बाईंनी सेट पुसून, पिशवीत घालून तयार ठेवला होता. चहा झाला.

"आवाज नीट येतो म्हणालात ना?"

"येतो की. सगळ्यांचा येतो. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी हाय, ते बी मला माहीत हाय."

"मग?"

"मी रोज संध्याकाळी हाक मारते. कुणी बोलत न्हाई. आधी म्हटलं, कामात असतील. मग म्हटलं, ह्यांना नसंल बोलायचं आपल्याशी."

मी सेट पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला आणि माझा घेऊन अंगणाच्या टोकाला गेले. "मारा हाक."

बाईंनी बटण दाबलं. माझ्या सेटवर खर्र झालं आणि बंद पडलं. परत दाबलं. परत खर्र.

त्या दिवशी तिथी नव्हती. कार्यालयाला कुलूप होतं, माळ लागलीच नव्हती.

रिपीटरला बाईंची लांबून आलेली अशक्त हाक पोचत होती. पण ती परत सोडायला तो मी वाढवलेल्या पावरनं ओरडू लागला, की शेजारच्याच अँटेनावरच्या स्वतःच्या ओरडण्यात त्याला बाई ऐकू येईनाशा व्हायच्या.

"एक दिवस ठेवा सेट," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर जाऊन पावर होती त्याच्या चौथाईवर आणायचं ठरवलं. नसीमभाई मोठा ॲम्प्लिफायर घेऊन जिन्यात उभे होते.

"लोगां पावर बढाते, तुमे घटारे?"

मी बटण फिरवलं. काकांना लावायला सेट उचलला, तेवढ्यात त्यातून सुनंदाबाई आल्या, शाळेची घंटासुद्धा मागं ऐकू येत होती. आधी काकांनी ओ दिली, मग मी.

"आज रिकामे दिसायलेत सगळे."