दोन कार्बोरेटर आणि माझा कान

आमचे हे मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांचा उजवा कान पार गेला होता, डाव्यात थोडंसं उरलं होतं. घरी बसल्यावर त्यांनी गोठ्यातून आपली जुनी मोटारसायकल बाहेर काढली. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. तरुणपणी ते हिच्यावरून शर्यतीत उतरायचे, त्यासाठी तिला मोठे कार्बोरेटर बसवून घेतलेले. पावसाळाभर ते तिच्याशी झटत राहिले आणि भाताची झोडणी उरकल्यावर एका दुपारी ती चालू झाली.

चालू झाली, पण उभ्या जागी टिकेना. मूठ सोडली की बंद. बंद पडू नये म्हणून वेगाचा स्क्रू आवळला की नुसती किंचाळायची.

"हिला पळायची सवय," हे म्हणायचे. "उभं राहणं हिला जमत नाय."

मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेली असायची. त्यांना जे ऐकू येत नव्हतं ते मला येत होतं. शेवटी एका दुपारी मीच म्हणाले, "अहो, डावीकडचं मागं राहतंय."

रागावतील असं वाटलं. पण ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "कळतंय तुला? मग इथं येऊन बस. स्क्रू मी फिरवतो. सुधारलं की हात वर, बिघडलं की खाली."

मी पाट घेऊन बसले. त्यांनी एका बाजूच्या प्लगची टोपी काढली, म्हणजे एकच सिलिंडर चालेल. हवेचा बारीक पितळी स्क्रू ते केसभर फिरवायचे आणि माझ्या हाताकडे बघायचे. मग दुसरी बाजू. मग दोन्ही एकत्र. आधी जशी दोन माणसं एकमेकांचं बोलणं तोडत होती. हळूहळू ती एका सुरात बोलू लागली.

निळसर धूर पेंढ्यावरून तरंगत होता. तेलाचा तो गोडूस वास. नवी नवरी असताना कर्जतच्या रस्त्यावरून हा आवाज वळला की मी चहाचं आधण ठेवायची. ओढ्यापाशी तो खोल व्हायचा, आंब्याखाली जवळ यायचा. मी डोळे मिटले. ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं आणि आवाज येतच होता, आंब्याखालून, ओढ्यापासून, कुठूनतरी.

डोळे उघडले तर इंजिन तसंच चालू. हे उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते.

"हात मधेच थांबला तुझा," ते म्हणाले. "मला वाटलं, आता स्क्रूला हात लावायचा नाय."

"अहो, डोळा लागला माझा."

"हिच्या आवाजात डोळा लागला, म्हंजे जमलं की," ते म्हणाले आणि किती दिवसांनी हसले.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघं खालापूरच्या बाजूला निघालो. वाटेत म्हशी आडव्या आल्या. ह्यांनी गाडी थांबवली, मुठींवरचे दोन्ही हात काढून घेतले आणि एक तळवा टाकीवर ठेवला.

"चालू हाय ना गं?" डावा कान माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं.

मी पुढे झुकले. "हाय. दोन्ही चालू हायत."

म्हशींना घाई नव्हती. आम्हीही तसेच बसून राहिलो.