मावशीच्या खुंटीवरचं प्रस्थान

सौंदडहून पुण्याला कारनं जायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मी सांगते, ते तुमच्या बापाला मुहूर्त कधीचा मिळतो त्यावर आहे. आमच्या बाबूजींना गुरुवारचा मिळाला. माझी रजा शनिवारपासून होती. पंचांग बदलणं शक्य नव्हतं आणि माझा साहेब बदलणं तर त्याहून अशक्य होतं.

त्याआधी बाबूजी एका वर्षात दोनदा अंगणात घसरून पडले होते. दोन्ही वेळा मी पुण्याहून जीव मुठीत धरून धावत आले आणि दोन्ही वेळा हे पलंगावर मजेत बसून मलाच विचारतात, "काऊन आली वो तू?" दुसऱ्या वेळी मी ठरवूनच टाकलं. दोघांनाही माझ्याकडे न्यायचं, कायमचं. जमीन ठेक्यानं देऊन टाकायची, घराला कुलूप लावायचं. बाबूजी एका पायावर तयार. एकदा पुण्याला आले होते तेव्हापासून आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टवर त्यांचा जीव जडला होता. काही काम नसताना वरखाली करायचे.

आई मात्र म्हणाली, "मले तिकडं कोन वळखते?" मी म्हटलं, होईल गं ओळख. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता तिनं पुन्हा तेच म्हटलं. मी यादी करत होते. गॅसचं कनेक्शन, मीटर, रेशनकार्ड, बाबूजींचे रिपोर्ट. त्या यादीत मी कुणाकुणाला विचारायचं तेही लिहिलं होतं. डॉक्टरला विचारलं, नवऱ्याला विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरीलासुद्धा विचारलं, कारण त्याला न विचारता आमच्याकडे कुंडीही हलत नाही. आईला सांगितलं, "आपण शनिवारी निघतोय."

तर मुहूर्त गुरुवारचा. बाबूजी म्हणाले, "प्रस्थान ठेवू." ज्यांना हा प्रकार माहीत नाही ते सुखी आहेत. मुहूर्त एका दिवशी आणि जाणं दुसऱ्या दिवशी असलं की मुहूर्तावर आपल्या वस्तूंचं एक गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेला ज्याचं घर असेल त्याच्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे पंचांगाच्या लेखी तुम्ही निघालात. मग खरोखर निघाल तेव्हा ते गाठोडं तिथून उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची याहून सभ्य पद्धत मी पाहिलेली नाही.

पुणे पश्चिमेला आणि आमच्या पश्चिमेला मावशीचं घर. मावशी नात्याची नाही. आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून दोघींनी एकाच बांधीत शेजारी शेजारी वाकून धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, केलेली, एवढंच नातं. गाठोड्यात प्रत्येकानं आपली एक वस्तू द्यायची होती. बाबूजींनी त्यांचा चांगला दुपट्टा दिला. मला हुकूम झाला, "जेच्याबिगर जाताच येत नाई असं काई दे, म्हंजे इसरनार नाई." मी पडले शहाणी. गाडीची दुसरी चावी दिली. आईनं स्वतःचं एक पातळ ठेवलं, हळकुंड, सुपारी आणि मूठभर धान टाकलं, आणि गाठ तिनंच मारली. शनिवारी ते उचलायचं काम अर्थातच तिच्याकडे, कारण आमच्या घरात लक्षात ठेवायची सगळी कामं तिच्याकडेच असतात.

शनिवारी सकाळी माझ्या बिचाऱ्या छोट्या गाडीत काय काय कोंबलं ते सांगितलं तर आरटीओ मला शोधत येईल. तांदळाचं पोतं, कारण पुण्याचा तांदूळ आईच्या मते तांदूळच नव्हे. लाखोळीची डाळ, जवस, सूप, पाटा नको म्हटलं तर नुसता वरवंटा. बाबूजींनी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर काढून आणला, चोरी होऊ नये म्हणून. चौथ्या मजल्यावर आम्ही तो कशाला जोडणार होतो हे विचारायची सोय नव्हती. आईनं सामान तीनदा मोजलं. चहाची गाळणी राहिली म्हणून कुलूप उघडायला लावून ती परत आत गेली. मग गाडी मावशीच्या दारात थांबली. आई एकटी आत गेली, दहा मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आली. हातात एक भरलेली पिशवी होती. ती मांडीवर घेऊन मागे बसली आणि म्हणाली, "चाल."

बाबूजी पुढे. आमच्या घराण्यानं पूर्वी गावोगाव तलाव बांधले असं ते सांगतात, त्यामुळे भंडाऱ्यापर्यंत दिसेल तो तलाव त्यांना वडिलोपार्जित वाटतो. साकोलीच्या आधीच दोनदा गाडी थांबवायला लावली. उतरून तलावाचा बांध, म्हणजे पाळ, बघायची, पाळीवर वाढलेल्या झुडपांकडे बोट दाखवून मान हलवायची, आणि परत येऊन मला सुनवायचं, जणू ती झुडपं मीच लावली. त्यातून वेळ उरला की ते मोबाईलमधल्या नकाशावाल्या बाईशी भांडायचे. "हिले काय समजते? ही कधी लाखनीले आली होती का?" मागून आईचा आवाज नाही. मला वाटलं, झोपली असेल.

नागपूर ओलांडून समृद्धीवर लागलो आणि तासाभरानं एका पेट्रोल पंपावर जेवायला थांबलो. आता नीट ऐका, कारण यात चूक कुणाची यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. डब्यासाठी डिक्की मी उघडली. चावी तांदळाच्या पोत्यावर मी ठेवली. चोरांच्या भीतीनं चारही दारांचे खटके बाबूजींनी दाबले होते. आणि "डिक्की अशी उघडी कायले ठेवली?" म्हणत ती धाडकन आपटलीही त्यांनीच. डबा माझ्या हातात, चावी आत, माझा फोन आत.

"घाबरू नको," बाबूजी म्हणाले, "दुसरी चाबी आहे ना?"

"आहे. प्रस्थानात."

"मंग काढ ना वो," ते आईला म्हणाले. पिशवी आईनं उतरताना हातातच घेतली होती. तिनं ती शांतपणे उघडून दाखवली. आत मावशीनं दिलेल्या वड्या होत्या. नुसत्या वड्या.

बाबूजींचा चेहरा पांढरा पडला. गाडी बंद झाल्याचं त्यांना काही नव्हतं, प्रस्थान राहिलं म्हणजे मुहूर्तच राहिला! त्यांनी तिथल्या तिथे मावशीला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे पुढचं सगळं पंपावरच्या पोरांनी आणि दोन ट्रक ड्रायव्हरांनीही ऐकलं.

"अवो, आमचं प्रस्थान राहिलं ना तुमच्याकडं!"

"हो, राहिलं ना," मावशी म्हणाली. "खुटीवर टांगून ठेवलं. तुमच्या बाईनंच सांगतलं, राहू दे म्हनून."

गाळणीपासून वरवंट्यापर्यंत जिनं काही विसरलं नव्हतं, ती हे कसं विसरली, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. बघा माझी हुशारी.

"काऊन?" बाबूजींनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तुमी बापलेक निघाले," आई म्हणाली. "मी काई निघाली नाई. प्रस्थान उचललं नाई तं निघनं होत नाई, हे तुमीच सांगता ना? मंग मी तिकडंच आहो. आंग नेऊन राहिले, तं न्या."

मी चिडले. खरं सांगते, आधी मला राग आला. एवढा आटापिटा मी कुणासाठी केला? रजा काढली, एक खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. मी म्हटलं, "अगं, मग आधी नाही का बोलायचं?"

"दोनदा बोलली."

"सरळ नको म्हणायचं होतं!"

"इचारलं असतं तं म्हनली असती." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हनूनच तं नाई इचारलं तू."

मी गाडीचं दार उगाच ओढून पाहिलं, कुलूपच. पंपाच्या मालकानं कुणालातरी बोलावलं होतं, तो यायचा होता. बाबूजी डब्याची पिशवी धरून सावलीत उभे होते आणि तलाव नसलेल्या दिशेकडे बघत होते. आई एका दगडावर बसून वड्या मोजत होती. तिचे पाय किती बारीक झालेत हे मला तेव्हा दिसलं आणि मला रडूच आलं.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आई, पुण्याला येतेस का? आमच्याकडे राहायला?"

"आता इचारून राहिली? अर्ध्या रस्त्यावर?"

"हो."

तिनं हातातली वडी पिशवीत टाकली. "नाई," ती म्हणाली.

इतक्यात पंपामागच्या कच्च्या रस्त्यानं मोटारसायकलवरून एक माणूस आला. त्यानं दाराच्या फटीत लाकडाची पाचर ठोकली, एक वाकडी तार आत सोडली आणि चहा होईस्तोवर खटका वर केला. माझ्या तीन महिन्यांच्या नियोजनापेक्षा त्याची तार कामाची निघाली. दार उघडं राहिलं. आम्ही दोघी त्या दाराकडे बघत राहिलो.

"आई, परत फिरायचं का?" मी विचारलं, आणि गळ्याशपथ सांगते, फिरले असते.

आईनं सावलीतल्या बाबूजींकडे पाहिलं. ते एका हातानं भिंत धरून उभे होते, दुसऱ्यांदा पडल्यापासून ते तसेच उभे राहतात. "याईले कोन उचलन तिकडं?" ती म्हणाली. उठली, लुगडं झटकलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. "चाल. पन त्या गाठोड्याले कोनी हात नाई लावाचा."

या गोष्टीला दोन वर्षं होतील. बाबूजी लिफ्टनं वरखाली करतात. आईला खालची भाजीवाली ओळखते, वॉचमन ओळखतो, ती थोडंफार हसतेसुद्धा. दर आठवड्याला मावशीला फोन करते आणि रोवणा, पाऊस, कुणाची सून सगळं झाल्यावर शेवटी विचारते, "आहे ना?" मावशी म्हणते, "आहे." फोन ठेवला जातो.

गाडीची दुसरी चावी कुठे आहे असं नवरा मधूनमधून विचारतो, कुरिअरनं मागवून घे म्हणतो. स्वयंपाकघरात आई तांदूळ निवडत असते.

"गावी आहे," मी सांगते, "आईजवळ."