फाईलचं नाव

बाबांच्या लॅपटॉपशी माझं पहिल्यापासून वाकडं. तसा तो मूळचा माझाच. मी मेहकरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. नवा घेतला तेव्हा जुना मलकापूरला बाबांना देऊन टाकला. आई गेल्यावर घरात एकटा माणूस, काहीतरी चाळा हवा म्हणून. पण तो इतका रडतखडत चालायचा की एक खिडकी उघडायला सांगून बाबा देवपूजा आटोपून यायचे. फोनवर रोज तेच. "आज पुन्हा अडकला गं."

"मग बंद करून चालू करा ना, बाबा!"

"छे छे, बंद नाही करत मी. नुसतं झाकण मिटतो."

हे ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. शाळेत दिवसभर "नीट बंद करा रे" म्हणून पोरांना ओरडून घरी आलेली बाई मी, आणि वडीलही तेच ऐकवणार! शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मेमरीची नवी पट्टी आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि सकाळची एस. टी. पकडली. लॅपटॉपचं पोट उघडायचं, जुनी पट्टी काढायची, मोठी बसवायची. अर्ध्या तासाचं काम.

बाबा पुण्याचे. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून इकडे बदली झाली आणि पिंपळगाव राजाच्या मुलीशी लग्न करून इथलेच झाले. बोलणं मात्र आजवर पुण्याचंच. आईचं वऱ्हाडी त्यांच्या कानाला टोचायचं. ती "मले" म्हणाली की ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "मला." शाळेतून मी रडत आले की आई विचारायची, "काऊन रडून राह्यली वं?" आणि आतल्या खोलीतून बाबा, "का रडते आहेस, असं म्हणावं." झालं! माझं रडणं राहायचं बाजूला आणि या दोघांचंच जुंपायचं. "भल्ले आले शहाणे!" म्हणून आई स्वयंपाकघरात निघून जायची, आणि पाच मिनिटांनी त्यांना चहाही आणून द्यायची.

मी पोचले तेव्हा बाबा चहाच ठेवत होते. लॅपटॉप टेबलावर, बॅटरी कधीचीच संपलेली म्हणून कायम वायर लावलेला. झाकण उघडलं तर पडद्यावर ते गोल चक्र गरगरतंय. बटणं दाबली, काही नाही. माऊस हलवला, काही नाही. माझा संयम तो केवढा! नाहीतरी बंद करूनच उघडायचा होता. मी पॉवरच्या बटणावर बोट ठेवलं.

"हात काढ!"

बाबा दारात उभे होते, हातात सांडशी. मी दचकून बोट उचललं. माझ्यावर ते आयुष्यात कधी ओरडले नव्हते. ओरडायचं खातं आमच्याकडे आईचं होतं.

"अहो, बंद केल्याशिवाय मेमरी कशी बदलणार?"

"बंद केला तर आतलं राहील का?"

"सेव्ह केलं असेल तर राहील."

बाबांनी सांडशी टेबलावर ठेवली आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसले. "ते सेव्ह नाही केलेलं," ते म्हणाले. "चार महिन्यांचं आहे."

अरे देवा! चार महिने हा माणूस एकच फाईल न साठवता लिहीत होता, आणि झाकण मिटून ठेवत होता. वीज गेली तर इन्व्हर्टर होता, म्हणून निभावलं. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, जन्मभर टाइपरायटर चालवलेला माणूस. तिथे अक्षर कागदावर उमटलं की उमटलं, ते पुन्हा वेगळं साठवायचं कसलं? मी त्यांना स्वयंपाकघर दाखवून सांगितलं, "बाबा, मेमरी म्हणजे हा ओटा. काम चालू असतं तोवर सगळं ओट्यावर. सेव्ह केलं की ते फडताळात जातं. लॅपटॉप बंद झाला की ओटा साफ."

"म्हणजे मी चार महिने सगळं ओट्यावरच ठेवलं?"

"हाव."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या बोटाकडे ते पाहत होते.

आता वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. चहा उतू जाऊन अर्धा उरला होता, तो आम्ही दोघांनी वाटून घेतला. चक्र फिरतच होतं. आत काय आहे ते मी विचारलं, तर म्हणाले, "असंच, टिपणं." वायरला धक्का लागू नये म्हणून मी खुर्चीसुद्धा हलवली नाही. बऱ्याच वेळाने चक्र थांबलं, पडदा एकदा पांढरा झाला आणि फाईल समोर आली.

आईचे शब्द होते. कचेरीच्या शिस्तीत, अनुक्रमांक घालून. "४७. निरा. अर्थ: अगदीच, केवळ. वापर: 'निरा येडा माणूस हाये.' (माझ्याबद्दल.)" "४८. मंग. अर्थ: मग. वापर: 'आधी जेवून घ्या, मंग भांडा.' (माझ्याशीच.)" अशी एकतीस पानं. जन्मभर ज्या शब्दांना टोकलं, ते सगळे या माणसाने एकट्याने बसून गोळा केले होते.

मी चटकन सेव्ह दाबलं. चौकट आली, फाईलचं नाव द्या.

"इथेच अडतं," बाबा म्हणाले. "दर वेळी ते नाव विचारतं. मग मी रद्द करतो."

"काहीही द्यायचं ना, बाबा! 'शब्द' द्यायचं."

"काहीही कसं देणार? ते तिचं आहे. तिचंच नाव द्यायला हवं."

आणि ते त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. सगळा संसार "अगं" आणि "अहो"वर झाला. लग्नात उखाण्याची वेळ आली तर नवरदेव पाणी प्यायचं निमित्त करून मांडवाबाहेर निघून गेला होता, हे आई आम्हाला हसून हसून सांगायची. मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, "घ्या. आता इथे कोण ऐकतंय?"

दहा बोटांनी टाइप करणाऱ्या बाबांनी त्या दिवशी एका बोटाने टाइप केलं. तीन अक्षरं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. एंटर दाबला, फाईल फडताळात गेली. मी दोनदा तपासलं, पेनड्राइव्हवरही घेतली, आणि मगच लॅपटॉप बंद केला.

पुढचं काम सोपं होतं. बॅटरी काढली, खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवली, मागचे स्क्रू काढून बशीत ठेवले. जुनी पट्टी दोन्ही बाजूंच्या चापांतून सुटली. नवी तिरकी सरकवून खाली दाबली, टक् आवाज आला. बाबा श्वास रोखून बघत होते. सगळं परत बसवून, वायर लावून बटण दाबलं आणि ते देवघराकडे वळणार तोच पडदा उजळलासुद्धा.

"इतक्यात?" ते जवळजवळ नाराज झाले.

फाईल क्षणात उघडली. वर आईचं नाव, खाली पहिल्या क्रमांकावर "मले". वापराच्या रकान्यात लिहिलं होतं, "'मले तुमचं बोलणं आवडते.' (लग्नानंतर पहिल्या आठवड्यात.)" मग मात्र मला आवरेना. मी पदर तोंडाला लावला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन रडून राह्यली वं?"

त्यांच्या तोंडून! मी रडत रडतच हसायला लागले. बाबांना मात्र दुसरीच घाई. चष्मा सावरत म्हणाले, "हे लिहिलंय का मी? शोध बरं."

मी शोधलं. "काऊन" बारा ठिकाणी होता, पण हे वाक्य कुठेच नव्हतं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, दहाही बोटांनी ते टाइप केलं आणि स्वतः सेव्ह दाबलं. या वेळी त्याने नाव विचारलं नाही.