लंडनच्या पोरीचं गाणं

रहाटणीतल्या टेपवाल्या चाचांकडे गाडीला स्पीकर बसवून घेतले, की एक इंग्रजी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय सुटका नसे. चाचा गिऱ्हाइकाला आत बसवत, काचा चढवत, स्वतः शेजारी बसत आणि म्हणत, "आता गप ऐकायचं. मधी दार उघडायचं न्हाई." घाईतली माणसं चरफडत. चाचांवर त्याचा काडीचा परिणाम होत नसे.

मीही चरफडले होते. चाकणच्या कंपनीत नोकरी, जुनी का होईना पण स्वतःची पहिली गाडी घेतलेली, आणि वाटेत कुरुळीच्या गर्दीत अडकल्यावर बातम्या ऐकाव्यात एवढीच माझी अपेक्षा. पण काचा बंद झाल्या, गिटार वाजली, मागून ड्रम आले आणि ती बाई गायला लागली. बाहेर टेम्पो, रिक्षा, टँकर सगळे बिनआवाजाचे सरकत होते, पाण्याखालून चालल्यासारखे. समोरच्या केळीवाल्याने ओरडायला तोंड उघडलं, तर त्यातूनही तिचाच सूर आल्याचा मला भास झाला. गाणं संपलं तरी उतरावंसं वाटेना.

ही गाणारी कोण, ते चाचांना ठाऊक नव्हतं. 'लंडनची पोरगी' एवढंच ते म्हणत. कुणा परदेशी पाहुण्याची सीडी एका गाडीत राहून गेली होती आणि मालकाने ती चाचांनाच देऊन टाकली. तिच्यावर हे एकच गाणं. मी म्हटलं, "अख्ख्या सीडीवर एकच? कंजूष दिसते हो तुमची पोरगी!"

चाचा दुखावले. "तसं न्हाई बेटा. जिला एकच गाणं द्यायचंय, ती त्यात जीव ओतनारच की."

शब्द कळतात का, असं विचारलं की ते हसत. "शब्द तिचे तिला. आमाला गळा पुरे." पुढे गाड्यांतून सीडी गेली, तेव्हा त्यांनी ते गाणं पेनड्राइव्हवर घेतलं, पण बदललं नाही.

वायर सैल झालीय, असलं काहीतरी निमित्त काढून मी अधूनमधून जाई. चाचांना कळत असणार, कारण ते वायर न बघताच गाणं लावत.

गेल्या वर्षी मी नवे स्पीकर बसवून घेतले आणि लंडनची पोरगी किंचाळायलाच लागली. आवाज कानात टोचत होता. तक्रार केली, तर चाचांनी बारीक आवाजाचं, ट्रेबलचं बटण आणखी वर नेलं आणि म्हणाले, "आता बघ, कसा गोड लागतोय!" शेजारच्या पंक्चरवाल्याने मला बाजूला घेतलं. "ताई, सगळ्याच गाड्यांचं तसं झालंय. गिऱ्हाईक तुटाया लागलंय. पन चाचांना सांगनार कोन?"

चाचांचे कान जायला लागले होते. बारीक सूर आधी गेले, आणि जे ऐकू येईना ते चाचा सगळ्यांच्या गाड्यांत वाढवत बसले होते. शेवटी मीच त्यांना सांगितलं. चाचा पक्कड पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, हल्ली स्पीकरच मऊ येत्यात."

त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलगा तिथं सीटकव्हरं विकणार होता. शेवटच्या दुपारी मी गाडी घेऊन गेले. या वेळी मी चाचांना आत बसवलं आणि काचा चढवल्या. त्यांनी दारातल्या स्पीकरवर तळहात ठेवला, डोळे मिटले. ड्रमच्या ठोक्याबरोबर त्यांची मान डोलू लागली.

त्या गाण्यात शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि ती एकटीच गाते, अगदी हळू. हाताला लागेल असं तिथं काहीच नाही.

"गातीय ना?" चाचांनी डोळे न उघडता विचारलं.

"गातेय, चाचा," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"संपलं की सांग."

गाणं संपलं. चाचांची मान अजून हळूहळू डोलत होती. मी काही बोलले नाही.