काढलेली झील

माझ्या हातून एका माणसाचा आवाज पुसला गेला. कंट्रोल आणि एस, या दोन बटणांनी. ती बटणं न बघता दाबायला मी हौसेनं शिकलो होतो, हे जास्त लागतं.

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानामागं माझी रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, तरी प्रत्येक भजनात एखादा ट्रक हॉर्न मारून जायचाच. ते हॉर्न, खोकले, मधली कुजबुज कापत बसणं हेच माझं खरं काम. आधी माऊसनं कापायचो. तुकडा निवडा, वर जा, यादी उघडा, त्यात 'काप' शोधा. संध्याकाळी भाकरी मोडायला मनगट वळायचं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला नांदेडचा मेकॅनिक म्हणाला, "असं करून राहिलात तर इथंच म्हातारे व्हाल. बटणं पाठ करा."

बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहिलं आणि समोर अडकवला. कंट्रोल एक्स, काप. कंट्रोल झेड, चुकलं, मागं फिर. कंट्रोल एस, जपून ठेव. चाळिशीतली बोटं, ती काय लवकर ऐकतात? एक्सच्या जागी झेड, झेडच्या जागी भलतंच. शेवटी मला शिकवलं ते लोडशेडिंगनं. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि माझ्या बॅटरीत दोन मिनिटांचाही जीव नाही. दोनदा दिवसभराचं काम डोळ्यांदेखत गेलं, तेव्हा रडायचंच बाकी होतं. मग ठरवलं, कापलं की ठेवायचं. काप, ठेव. काप, ठेव. पुढं पुढं बोटं मला न विचारता चालायला लागली आणि मी पुठ्ठ्याकडं बघायचं सोडलं.

त्याच लोडशेडिंगच्या उन्हाळ्यात साखरा गावचे दोघे भाऊ आले. मेंढरं राखणारी माणसं. थोरला ओवी म्हणायचा आणि धाकटा झील धरायचा, म्हणजे थोरल्याच्या ओळीचा शेवट उचलून पुन्हा म्हणायचा. दोघांत माईक एकच. धाकट्याला भारी घाई. एका जागी तर थोरल्याचा शब्द पुरा व्हायच्या आधीच तो मधे घुसला. मी मनात चरफडलो, पण पुन्हा म्हणा म्हणायचा कंटाळा केला.

ओवी दीड तासाची, सीडीत मावेना. मी म्हटलं, तीच ओळ लोकांनी दोनदा कशाला ऐकायची? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. दोन दिवस बसून मी धाकट्याची एकेक झील काढली, थोरल्याच्या ओळी एकमेकींना जोडल्या आणि प्रत्येक वेळी सवयीनं जपून ठेवलं. जपून ठेवणं म्हणजे जुन्यावर नवं लिहिणं. एकदा फाईल बंद केली की मागं फिरायचं बटण काही कामाचं नाही. मूळ रेकॉर्डिंग वेगळं ठेवायला डिस्कमध्ये जागा नव्हती, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. खरं म्हणजे ते ठेवावं असं मला वाटलंच नव्हतं.

दिवाळीच्या आधी थोरला एकटाच आला. खांद्यावर घोंगडी, पायांत एसटीचा शीण. दारातच बसला.

"धाकला गेला," म्हणाला. "चार दिसाच्या तापानं. फोटू काढायचा बी राहून गेला. त्याचा आवाज तेवढा तुझ्यापाशी हाय. ऐकव."

मी सीडी लावली. दुसरं लावायला होतं काय? चार ओळी झाल्या, त्यानं मान वर केली.

"याच्यात तो काहून न्हाई?"

"मामा, मी काढला. लांबत होतं."

तो रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. तो ऐकतच राहिला. ओळीला ओळ लागून येत होती आणि त्याचा हात हळूहळू छातीवर गेला.

"मी असा दम न घेता कधी म्हणलो रे? तो उचलायचा, तवा मी दम घ्यायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं लोकांचे आवाज कापत होतो आणि गाणारा श्वास कधी घेतो एवढंही मला ठाऊक नव्हतं.

मग ती घाईची जागा आठवली. तिथं दोघांचे आवाज एकात एक गुंतले होते, कापता येईनात म्हणून मी तशीच सोडली होती. ती शोधून लावली. 'माळावरी' हा एकच शब्द, दोघांच्या तोंडचा.

"हां, ह्यो तो," मामा म्हणाला. "लई घाईचा होता. पुन्ना लाव."

मी लावत गेलो. मग तेवढा शब्द उचलून नव्या फाईलीत ठेवला. बोटं आपसूक कंट्रोल आणि एसकडं निघाली. मी ती अडवली. त्या पुठ्ठ्याखाली बसल्यापासून हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"मामा, ठेवू का?"

त्याला वाटलं, मी मशीन बंद करून राहिलो.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून एकडाव ऐकू दे."